लिंबाखालची कड

झाडं तुम्ही पाडली आणि नाव तिचं लावलं. खोटं असेल तर सांगा. करवत तुमची, ट्रॅक्टर तुमचा, ठेकेदार तुमचा, लाकूड कुठल्या वखारीत उतरलं ते तुम्हालाच ठाऊक; आणि रस्त्याच्या तोंडाशी जो भलामोठा फ्लेक्स टांगला त्यावर तोंड मात्र विशाखा दाभाडेचं. निळ्या सायकलवर बसलेली, एक पाय जमिनीला टेकवलेला, दात दिसतील इतकी हसलेली. खाली जाड अक्षरात 'सायकल ट्रॅक, सायकलस्वारांच्या मागणीनुसार'. सायकलस्वार म्हणजे ही एकटी. मागणी म्हणजे हिनं थंडीतल्या एका सकाळी माइकसमोर बोललेली दोन वाक्यं. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये म्हणतात. माकड बिचारं निदान स्वतःचं शेपूट तरी पोळून घेतं. तुमचा तर सदरासुद्धा चुरगळला नाही.

वैशाख निम्मा सरला होता, दुपारचे दोन वाजून गेले होते आणि त्याच रस्त्यावर विशाखाच्या सायकलचं मागचं चाक बसलं. ती दुकानातून घरी निघाली होती. तोंडाभोवती ओढणी, डोळ्यांपुरती फट, हातांना बाह्यांचे मोजे, पर्सच्या आतल्या कप्प्यात एक कांदा. कांद्यानं ऊन बाधत नाही म्हणतात. तिचा त्यावर विश्वास होता असं नाही, पण ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनी काय दिवे लावले, त्यापेक्षा कांदा परवडला. निदान संध्याकाळी भाजीत पडतो. हँडलच्या रबराला हात चिकटत होते. ब्रेक दाबला की बोटाला चटका. समोर डांबर ओल्यासारखं चमकत होतं आणि जवळ गेलं की कोरडं होत होतं. पण चाक बसलं ते खिळ्यानं किंवा उन्हानं, त्याचं काही नाही, चाकं बसतातच. चाक बसायच्या आधी तिचे पाय थांबले होते, खरी गोष्ट ती. आपोआप. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध. जिथं चौथा लिंब होता तिथं तिचे पाय पायडलवर गप्प झाले, सायकल रेंगाळली, डुलली, आणि मागून रिक्षावाल्यानं हॉर्नवर हातच ठेवला. "क्या आपा, नींद लगी क्या?" ओरडत तो पुढं गेला. ती दचकून कडेला वळली, आणि तिथं, कडेच्या कुठल्यातरी खिळ्यावर, फुस्स.

पाय थांबतात याचं तिला आता नवल राहिलं नव्हतं, लाज मात्र वाटत होती, झोपेत बडबडणाऱ्या माणसाला सकाळी वाटते तशी. पाडव्याआधी झाडं गेली, तरी पायांना कुणी कळवलं नव्हतं. पायांना शिकवलं होतं तिच्या बापानं, साहेबराव दाभाडेनं, आणि बापानं शिकवलेलं पाय डोक्यासारखं लगेच विसरत नाहीत. साहेबराव पडेगावातून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याच्या कंपनीत सायकलवर जायचा. जाताना सूर्य तोंडावर, येताना सूर्य तोंडावर. शहराच्या पश्चिमेला ज्यांनी घरं घेतली त्यांच्या नशिबी हे जन्माचं, म्हणायचा; कंपनीचे साहेब पूर्वेला राहायचे, त्यांच्या पाठीवर ऊन. विशाखा शाळेत असताना मागच्या कॅरिअरवर बसायची, पाय फाकवून, बापाच्या सदऱ्याला धरून. सदरा पाठीवर ओला व्हायचा आणि सुकला की मिठाची पांढरी रेघ उमटायची, नदीच्या काठावर पूर ओसरल्यावर उमटते तशी. हा रस्ता आला की तो सांगायचा, "हे बघ इशा. उन्हात पाय मारायचे, सावलीत सोडून द्यायचं. सावलीत पाय मारतो तो येडा, न् उन्हात थांबतो तो त्याहून येडा." मग खरंच तसं व्हायचं. उन्हाच्या पट्ट्यात बापाच्या पोटऱ्या दोरखंडासारख्या व्हायच्या, आणि लिंबाची सावली आली की सगळं सैल. साखळीचा नुसता टिर्र आवाज. वरून गार काहीतरी मानेवर पडल्यासारखं वाटायचं, पडत काहीच नसायचं. पुढं ती स्वतः सायकल हाणू लागली तेव्हा श्वाससुद्धा तसाच बसला. उन्हात धरायचा, सावलीत सोडायचा. रस्त्याला नाव दुसरंच काहीतरी आहे, कुठल्यातरी पाटीवर असेल; माणसं त्याला लिंबाचा रस्ता म्हणायची. अजून म्हणतात. मेलेल्या माणसाच्या बायकोला त्याच्याच नावानं हाक मारतात, तसं.

सायकल ढकलत ती आवडाबाईकडं निघाली. आवडाबाई म्हणजे या रस्त्यावरची पंक्चरवाली. नवरा होता तेव्हा तो पंक्चर काढायचा आणि ही घमेल्यात पाणी भरून ठेवायची. नवरा गेला, घमेलं राहिलं, तेव्हापासून ही काढते. दुसऱ्या लिंबाखाली बसायची, बुंध्याला टायरी टांगून. लिंब गेल्यावर खुंटावर बसते. ट्रॅक आखणाऱ्यांनी खुंटाच्या भोवतीनं हिरवा रंग फासलाय, वरूनही थोडा फासलाय, घाईत. या बाईच्या समोरून जायचं विशाखा हल्ली टाळायची. झाडं पडली त्या आठवड्यात आवडाबाई भर रस्त्यात तिला म्हणाली होती, "तुझ्यापायी गेलं गं माझं झाड. फोटोची हौस लई." विशाखा तशीच पुढं निघून गेली होती. उत्तर घरी जाऊन भाकरी थापताना सुचलं, रात्री कूस बदलताना आणखी चांगलं सुचलं, पण जिथं पाहिजे होतं तिथं ते नव्हतं. त्यानंतर तेवढ्या टप्प्यापुरती ती रोज पलीकडच्या बाजूनं, उलट्या दिशेच्या गाड्यांतून जायची. आज चाकानंच ओढून आणलं.

आणि तिथं तिला धक्काच बसला. गेल्या आठवड्यात संध्याकाळी वावटळ सुटली होती, पत्रे उडाले, फांद्या मोडल्या म्हणायला या रस्त्यावर फांद्याच नव्हत्या म्हणून नुसते बोर्ड मोडले. त्यात रस्त्याच्या तोंडावरचा तो फ्लेक्स फाटून पडला असावा. आवडाबाईनं चार बांबू रोवून तो वर ताणला होता. उन्हाला छप्पर. विशाखा जवळ आली आणि वर पाहिलं, तर तिचंच तोंड. पालथं. खालून पाहताना छापलेली बाजू आत होती. खाटेएवढं तोंड, हसणारं, दाताच्या फटीसकट, आणि सूर्य त्यातून झिरपत असल्यामुळं गाल पेटल्यासारखे लाल. एका डोळ्याला बांबूचं टोक घुसून भोक पडलं होतं. तिथून उन्हाची एक काडी खाली, थेट घमेल्यातल्या पाण्यात.

"ये," आवडाबाई म्हणाली. "ये माय. तुझ्याच तोंडाखाली बस. लाजतीस कामून?"

"चाक बसलं मावशी."

"चाक बसल्याबिगर कशाला येतीस तू. आता मोठी बाई झाली. बोर्डावर गेली." आवडाबाईनं सायकल उलटी केली, चपट्या सळईनं टायर उचकटलं. तिच्या बोलण्यात राग होता का गंमत होती ते कळत नव्हतं, दोन्ही असेल. त्या बाईचा आवाजच सोलून काढल्यासारखा. "पर एक सांगते, झाडापरीस बरं हाय हे. पाखरं घाण करत नाहीत."

विशाखा खुंटाच्या कडेवर टेकली. छपराखाली ऊन नव्हतं, पण सावलीही नव्हती. नुसतं उकडत होतं, प्लास्टिक तापल्याचा वास, नव्या चपलेच्या खोक्यात तोंड घातल्यासारखा. लिंबाच्या सावलीत आणि या सावलीत काय फरक ते तुम्हाला कागदावर कुणी समजावून देणार नाही. दोन्ही ठिकाणी ऊन अंगावर येत नाही, म्हणजे सावलीच की, असं तुम्ही म्हणाल. म्हणालातच. चौकाचौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधल्या, प्रत्येक जाळीला कुठल्यातरी दादाचा हात जोडलेला फोटो, आणि दुपार कलली की जाळीची सावली पडते दुभाजकावर. माणसं उन्हात, दुभाजक गारव्यात. क्रांती चौकाजवळ विशाखानं हे रोज पाहिलंय. दुचाकीवाले हळूहळू सरकत सावलीकडं जातात, सावली दुभाजकावर चढते, मग सगळे तिच्याकडं बघत उभे, जत्रेत मिठाईकडं पोरं बघतात तसे. दादा हात जोडून हसतो.

ती चष्म्याच्या दुकानात आहे, चौकाच्या मागच्या गल्लीत. काचा घासणं, फ्रेमीत बसवणं, गिऱ्हाइकाच्या कानामागं काडी वाकवून देणं. मालक काकासाहेब, पाचोडकडचा, शेती बटईनं लावून शहरात आलेला, स्वभावानं वाईट नाही. वाईट नसलेली माणसं फार जपून हाताळावी लागतात. उन्हाळा लागला की तो दुपारी दोनला शटर ओढतो, संध्याकाळी पाचला उघडतो. "जा विशाखा, घरी जा, दोन घास खा, आडवी हो जरा," म्हणतो आणि स्वतः वर जातो. घर दुकानाच्या वरच आहे, कूलरचा आवाज खालपर्यंत येतो. विशाखाची विश्रांती म्हणजे भर दुपारी पडेगाव, आणि घाम सुकायच्या आत पुन्हा माघारी, पश्चिमेचं ऊन पाठीवर घेऊन. एकदा ती तशीच शटरला टेकून पायरीवर बसून राहिली. शटरनं पाठ भाजली. काकासाहेबानं खिडकीतून पाहिलं. "अगं इथं कशाला, बरं दिसत नाही ते." बरं दिसण्याची एवढी काळजी. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कानामागं ती काडी वाकवत होती आणि तो माणूस मान मागं घेऊन काकासाहेबाकडं बघून हळूच हसला. तिला कळलं. घामाचा वास. त्या दिवसापासून ती दुकानाच्या मागच्या नळावर काखा धुते, ओल्या अंगावर तोच ड्रेस घालते, आणि डोळ्यांभोवती ओढणीच्या फटीतून उन्हानं काळवंडलेला जो पट्टा उमटलाय तो घेऊन लोकांच्या चेहऱ्यावर चेहरा आणून विचारते, आता दिसतंय का नीट?

तुमच्यातल्या त्या साहेबालाही तिनं हेच विचारलं होतं. ते आठवलं की तिला वर टांगलेल्या स्वतःच्या तोंडाकडं बघवेना. थंडीचे दिवस होते. काकासाहेबानं एक नवा चष्मा दिला आणि सांगितलं, अमुक सभागृहात बैठक आहे, तिथल्या साहेबांना नेऊन दे, बसवून दे, हसतमुखानं. ती सायकलवर गेली. थंडीत सायकल हाणणं म्हणजे पाठीवर कुणीतरी पंख बांधल्यासारखं. लिंबाच्या कडेनं जाताना दव टपटपत होतं आणि नाकातून वाफ निघत होती. सभागृहासमोर गाड्या उभ्या करायला जागा नव्हती इतक्या गाड्या. आत बैठक कशाची, तर शहरात सायकली वाढाव्यात याची. एसी चालू, बाहेर थंडी असून. साहेबाला चष्मा घातला, कानामागं काडी वाकवली, विचारलं, आता दिसतंय का नीट? साहेब म्हणाला, "एकदम क्लिअर," आणि मग तिच्या सलवारीवरच्या साखळीच्या काळ्या डागाकडं बघून, "तुम्ही सायकलवर आलात?" एवढ्या मोठ्या सभागृहात सायकलवर आलेलं माणूस सापडलं म्हटल्यावर तिला उचलून माइकसमोर उभं केलं, हरवलेलं पोर जत्रेत उचलून दाखवतात तसं. तुमची मागणी काय, विचारलं. ती घाबरली. पण खोटं बोलायला वेळ लागतो, खरं पटकन निघतं. ती म्हणाली, "आम्हाला लिंबाखालची कड मोकळी द्या साहेब. तिथं गाड्या लावतेत, मग आम्हाला उन्हातून जावं लागतं." टाळ्या पडल्या. साहेबानं मान डोलावली, नव्या काचांमधून तिच्याकडं नीट बघत. नंबर बरोबर होता. काच तिनंच तपासली होती.

कड दिली तुम्ही. शब्द पाळला. तीच कड, तेवढीच रुंद, इकडून तिकडून. फक्त कडेत झाडं येत होती म्हणून झाडं काढली.

झाडं पाडत होते त्या सकाळी ती तिथून गेली होती, हे ती कुणाला सांगत नाही. फुलोरा आला होता झाडांना. पाडवा तोंडावर होता, त्यामुळं लोक खूश. पाडव्याच्या डहाळ्या बाजारात विकत मिळतात, इथं फुकट. बायका पिशव्या घेऊन आल्या होत्या, एक शाळामास्तर गाडीच्या हँडलला भारा बांधत होता, कोणीतरी मोबाईलवर शूट करत होतं, आणि करवतीच्या आवाजात कुणीसुद्धा विचारत नव्हतं की का. तिनंही विचारलं नाही. तिला वाटलं एखाद्या फांदीचं असेल. तारांना लागत असेल. त्या वेळी फ्लेक्स लागून चारपाच दिवस झाले होते आणि तिनं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून सोयगावच्या बहिणीला पाठवला होता, बहिणीनं बदाम पाठवले होते, लाल लाल. फुलोऱ्याचा कडवट गोड वास रस्ताभर चेंगरला होता. तिच्या चाकाला फुलं चिकटली होती, ती घरी गेल्यावर अंगणात गळाली. आईनं झाडून टाकली.

फोन वाजला. विश्वजीत. साहेबाच्या ऑफिसातला पोरगा, पंचवीस-सव्वीसचा, दाढी कोरलेली, फोटो याचेच काढलेले, फ्लेक्सवरचं वाक्यही बहुतेक यानंच लिहिलेलं. बोलणं मात्र लोण्यासारखं.

"मॅडम, नमस्कार. बिझी का?"

"बोला."

"मॅडम, गुड न्यूज. पर्यावरण दिनाला आपला सत्कार ठेवलाय. आपल्याच ट्रॅकवर. साहेब स्वतः येणार, पाचसहा अधिकारी सायकलवर येणार, आणि मॅडम," इथं तो थांबला, पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उघडावं तसा, "आपल्याला ई-बाईक देतोय आपण. स्पॉन्सर मिळालेत. तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर दोन ओळी बोलायच्या. ट्रॅकमुळं प्रवास सुखाचा झाला, असं. मी लिहून पाठवतो. सकाळी साडेसहाला. गार असतं तेव्हा."

"सांगते थोड्या वेळानं," ती म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवला.

आवडाबाईनं ट्यूब पाण्यात बुडवली होती. बुडबुडे वर येत होते, एका जागेवरून नाही, दोन जागांवरून. "ई-बाईक म्हंजी ती बॅटरीवाली?" तिनं न बघता विचारलं. फोनचा आवाज मोठा होता. "घे की मग. मला तरी काय, त्या चाकाचं पंक्चर बी काढता येतंय."

ई-बाईक. विशाखानं ती एकदा चालवली होती. विश्वजीत फोटो काढायला आला तेव्हा तिच्यावरच आला होता, आणि हवा खाऊन बघा मॅडम म्हणून तिला दिली होती. पायडल एकदा फिरवलं आणि मागून कुणीतरी पाठीला तळवा लावून ढकलल्यासारखं झालं. तिनं वळून मागं पाहिलं होतं. कारण असा तळवा तिला माहीत होता. सायकल शिकताना साहेबराव मागं पळायचा, सीटखाली एक हात आणि पाठीला एक हात, "मी हाये, मी हाये" म्हणत. ती वळून बघायची तर तो केव्हाच लांब उभा. त्या यंत्राचा हात लांब उभा राहत नव्हता. चढावर नाही, समोरच्या वाऱ्यात नाही. गुडघे दुखत नव्हते. तिला ती पाहिजे होती. यात आडपडदा कशाला? रात्री झोपताना गुडघ्याला तेल लावताना तिला ती दिसायची, काळी, साधी, पुढं जाळीची पिशवी. आईला दवाखान्यात न्यायला मागं सीट. उन्हात जायला लागेलच, पण लवकर संपेल. पोटऱ्या दोरखंड होणार नाहीत. काकासाहेबाच्या गिऱ्हाइकानं मान मागं घ्यावी एवढा घाम येणार नाही. दोन ओळी. सुखाचा झाला. तोंड हलवायचं फक्त. तोंड तर आधीच तिकडं गेलंय, या वरच्या छपरात, डोळ्याला भोक पडून. आणखी दोन ओळी गेल्या तर काय फरक? तुम्ही माणसाला असंच धरता. आधी एक खरं वाक्य चोरता, आणि मग त्याच्या बदल्यात खोट्याची किंमत लावता, चांगली किंमत, कुणालाही पटेल अशी.

तिनं मनातल्या मनात ती ओळ म्हणून पाहिली. ट्रॅकमुळं माझा प्रवास सुखाचा झाला. सकाळी साडेसहाला ते खोटंसुद्धा वाटलं नसतं. सकाळी साडेसहाला या रस्त्यावर वारा असतो, मकबऱ्याकडच्या डोंगरावरून उतरलेला, रात्रीचा उरलेला. हिरवा रंग दवानं ओला नसला तरी ओला दिसतो. अधिकारी पांढऱ्या टोप्या घालून येतील, अर्धा फर्लांग सायकल हाणतील, मागून त्यांच्या गाड्या रिकाम्या हळूहळू येतील, पोरगी सासरी पोचवायला निघाल्यासारख्या. केळी वाटतील. आणि बघणाऱ्याला वाटेल, काय वाईट आहे? चांगलंच आहे की. ऋतू तुमच्या बाजूचा, वेळ तुमच्या बाजूची. खोट्याचं खरं करायला तुम्हाला काही करावं लागत नाही, नुसती सकाळ निवडावी लागते. ट्रॅक सकाळी साडेसहाला आखला गेला, सकाळी साडेसहाला पाहिला गेला, आणि दुपारी दोनला त्याच्यावरून विशाखा जाते. दुपारी तो रंग मऊ पडतो. टायरला धरतो, सोडताना चर्र वाजतो. वरून ऊन, खालून त्या रंगाची झळ, तोंडात हिरवट चव. आणि पाय आपले तिथंच थांबतात जिथं थांबायला शिकवलं, पहिल्या खुंटापाशी, दुसऱ्या, तिसऱ्या. भर उन्हात थांबणारा त्याहून येडा. बाप तिला येडी करून गेला नव्हता. तुम्ही केलं.

"मावशी," ती एकदम म्हणाली, "मी झाडं पाडा म्हणाले नव्हते."

आवडाबाईनं पॅच दाबून धरला होता अंगठ्यानं. उन्हात सोल्यूशन लवकर सुकतं पण धरत नाही, म्हणून जास्त वेळ दाबावं लागतं. "मग काय म्हणाली व्हतीस?"

"लिंबाखालची कड मोकळी द्या, म्हणाले."

आवडाबाईनं अंगठा उचलून पॅच नखानं चाचपला. मग हसली. दातच नव्हते समोरचे, म्हणून हसणं सगळं हवेचं. "अन् दिली की मोकळी. लईच मोकळी दिली." हसता हसता ती खोकली, पदरानं डोळे पुसले. "आगं बये. येडे हायेत का काय ते? पोराला सांगावं घरातलं जाळं काढ, तर त्यानं छप्परच काढावं." तिनं ट्यूब उचलली. "मला वाटलं तू पैशे घेतले."

"कुणी दिले असते पैसे?"

"ते बी खरं." आवडाबाईनं ट्यूब टायरमध्ये सारली. "मग सांगितलं कामून नाय कुणाला? दोन महिने त्या बाजूनं जातीस तोंड लपवून. मला वाटायचं, खाल्लंय हिनं, म्हणून लाजती."

सांगितलं कामून नाय. विशाखाला हे एवढं साधं वाटलं की तिला राग आला, स्वतःचा, बाईचा, त्या भोकातून पाण्यात पडणाऱ्या उन्हाच्या काडीचा. लाज कुणाला वाटायला पाहिजे होती? जो चष्मा घालून आंधळा झाला त्याला, की जिनं काच पुसून दिली तिला? तुम्ही लाज इतकी स्वस्त करून ठेवलीय की जो गरीब आहे त्याला ती घरबसल्या मिळते, आणि तुम्हाला मागूनही मिळत नाही. तिनं ओढणी सोडली. गालावरून ओला कपडा निघाल्यासारखी हवा लागली, गरम, पण हवा. तोंड उघडं करून ती या रस्त्यावर कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बसली होती. फोन घेतला. विश्वजीतनं ओळी पाठवल्या होत्या, दोन नाही, पाच. खाली हात जोडलेलं चित्र.

"हां मॅडम, बोला! फायनल ना?"

"येते मी."

"वा वा. मी साहेबांना..."

"थांबा. येते, पण दुपारी दोनला ठेवा."

 पलीकडून हसण्याचा आवाज आला, सभ्य. "दोनला? मॅडम, दोनला कसं..."

"मी दोनलाच जाते ना या रस्त्यानं. तुम्ही म्हणताय प्रवास सुखाचा झाला म्हणून बोला. तर तो प्रवास दोनचा आहे. साहेबांना म्हणा, क्रांती चौकातून सायकलवर या. गाडी मागं नको. टोपी चालेल. इथपर्यंत यायचं, या पंक्चरच्या दुकानापर्यंत, न् इथं उभं राहून मला विचारायचं, सुखाचा झाला का. मग मी बोलते. तुमच्या पाच ओळी पाठ करून बोलते. बॅटरीची गाडी द्या, नायतर नका देऊ."

"मॅडम, सीरियसली, ऐका. मे-जून आहे. दुपारी लई ऊन असतं. कुणाला चक्कर आली म्हणजे?"

आवडाबाईचा पंप थांबला.

"व्हय?" विशाखा म्हणाली. "ऊन असतं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मॅडम, हे बघा, नाव दिलंय वर. ई-बाईक दुसऱ्या कुणाला जाईल मग. माझ्याही हातात..."

तिला काळी ई-बाईक दिसली. पुढची जाळीची पिशवी दिसली. पाठीला तळवा लागल्यासारखं झालं आणि मग तळवा सुटल्यासारखं, आणि तिनं वळून बघितलं नाही. "जाऊ द्या," ती म्हणाली. आवाज थोडा फाटला, तो तिनं तसाच ठेवला. "तुम्ही नका सांगू. तुम्ही काय, तुमची नोकरी. फोन साहेबांकडं न्या. बाजूच्याच खोलीत असतेत ना? न्या. मी धरून थांबते. एकच विचारायचं. झाडाखालची कड मागितली होती, झाड कुणी मागितलं होतं? न् दुपारी दोनला इथून सायकलवर येता का? हो म्हणा, नाय म्हणा."

"मॅडम, साहेब आराम करतायत."

"मग उठवा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुठंतरी दार, कुठंतरी एसीची घरघर. आवडाबाईनं चाकात हवा भरून अंगठ्यानं दाबून पाहिलं, सायकल सरळ उभी केली, आणि तीही कान देऊन उभी राहिली. वर फ्लेक्सवरचं तोंड तसंच हसत होतं, फुटक्या डोळ्यानं. खाली खरं तोंड, काळ्या पट्ट्याचं, फोन कानाला लावून, घामानं निथळत, हसत नव्हतं. ऊन उतरत नव्हतं. ती अजून तिथंच आहे, खुंटापाशी, फोन चालू आहे. साहेब, तुम्ही उठलात का? आवाज येतोय ना? मग बोला. येता का दोनला?